झाकण समोरच्या दारात

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझी जात पाहिलीही नसेल. गोल पोट, आखूड मान, मानेभोवती पितळेचे आटे आणि त्या आट्यांवर फिरवून बसणारे झाकण. झाकण काढून उलटे धरले की त्याचेच फुलपात्र होते. प्रवासात पाणी न्यायचे, सांडू द्यायचे नाही आणि तोंड न लावता प्यायचे, एवढ्यासाठी आमचा जन्म. आता तुमच्या पाठीवरच्या पिशवीत प्लास्टिकची बाटली असते. ती माझ्यापेक्षा हलकी असते, हे मी मान्य करतो. पण बाटलीसाठी कोणी जग पालथे घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही. माझ्यासाठी दोन जावांनी ते घातले. आणि तरीही अनेक वर्षे माझे पोट एका घरात होते आणि माझे झाकण समोरच्या दारात.

माझा जन्म पुण्यातल्या तांबट आळीतला. तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालून घालून मला आकार दिला. त्या ठोक्यांना मठारकाम म्हणतात. अंगावर मुगाएवढे चपटे खळगे उठतात, त्यांवर उजेड पडला की भांडे हसल्यासारखे दिसते. आतून कल्हई झाली, मानेला आटे बसले. मला घ्यायला आल्या मुक्ताई. शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहणाऱ्या, उपासतापास सांभाळणाऱ्या, थोड्या तापट. त्यांनी मला पाण्याने भरून आडवे केले, उलटे केले, पदरावर धरले. पदर कोरडा राहिला तेव्हा म्हणाल्या, "हा येईल माझ्याबरोबर काशीला."

आणि मी गेलो. स्वारगेटहून यात्रा कंपनीची बस निघाली तेव्हा मी त्यांच्या मांडीवर होतो. त्यांचा एक नेम होता. निघताना घरचे पाणी भरायचे. पोचल्यावर ते तिथल्या नदीत सोडायचे आणि तिथले पाणी भरून आणायचे. "घरचं पाणी सोबत असलं की पाय घराकडे वळतात," असे त्या म्हणत. घरी परतल्यावर माझी पूजा व्हायची आणि मग मावंदे, म्हणजे यात्रा पार पडल्याचे जेवण. काशी झाली, रामेश्वर झाले. मुक्ताईंच्या लेखी जग तिथे संपत होते.

माझ्या झाकणाची एक खोड होती. सरळ फिरवायला गेले की आटे एकमेकांत अडकायचे. मुक्ताईंनी आपल्या दोन्ही सुनांना ती युक्ती दाखवली होती. "आधी उलटं फिरवायचं. टक् असा आवाज येतो. तो आला की मग सुलटं. जोर करायचा नाही." थोरली सून सत्यशीला, धाकटी दीपमाला. युक्ती दोघी शिकल्या. झाकणापुरती.

त्या दोघींचे पहिल्यापासूनच पटत नव्हते. सत्यशीलाबाई तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नसत, शनिवारी एकदाच जेवत, चातुर्मासात सकाळची पूजा होईपर्यंत मौन पाळत. आवाज असा मऊ की टोमणा मारला तरी आधी आशीर्वादच वाटावा. दीपमालाबाई संकष्टी तेवढी करत. बाकी त्यांना नवे काही दिसले की पाहावेसे वाटे आणि पाहिले की सांगावेसे वाटे.

एका संकष्टीला तिघी चंद्राची वाट पाहत बसल्या होत्या. आभाळ भरलेले, चंद्र काही दिसेना. पोटात अन्न नाही. तेवढ्यात विषय निघाला, की आईंच्या मागे तांब्या कोणाचा.

"थोरलीचा. रीत आहे ती," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"रीत घासत नाही तांब्या. रोज मी घासते," दीपमालाबाई म्हणाल्या.

मुक्ताई वैतागल्या. "जी माझ्यापेक्षा लांब जाऊन येईल, तिचा. झालं समाधान?"

मित्रांनो, उपाशी माणसाने निकाल देऊ नये. चंद्र उगवला, मोदक खाल्ले, मुक्ताई ते बोलणे विसरल्या. सुना विसरल्या नाहीत. पुढच्याच वर्षी मुक्ताई गेल्या आणि त्यांचा तो शब्द मागे राहिला.

मग दोघा भावांनी, उत्तरेश्वर आणि सुदर्शन यांनी, वारज्याला एकाच मजल्यावर समोरासमोर घरे घेतली. तेव्हा वारज्याला संध्याकाळी सहानंतर बस मिळाली तर ती पुण्याई. मी थोरल्या घरात, देवघराशेजारी राहिलो. तिथेच राहिलो असतो. पण देशाची दारे उघडली होती. पेपरात रविवारी पानभर सहलींच्या जाहिराती यायला लागल्या. ज्यांनी महाबळेश्वराच्या पुढे पाऊल टाकले नव्हते अशी माणसे बसस्टॉपवर विमानांची नावे घेऊ लागली.

पहिला डाव दीपमालाबाईंचा. त्या काठमांडूला निघाल्या. "पशुपतिनाथाला चाललेय, जाऊबाई. घरातला तांब्या न्यायची रीत आहे ना?" रीतीचे नाव काढल्यावर सत्यशीलाबाईंना नाही म्हणता येईना. मी गेलो. बागमतीच्या काठी दिवे पाहिले, घंटा ऐकल्या, डोंगरामागे पांढरे डोंगर पाहिले. परत आल्यावर दीपमालाबाईंनी मला स्वतःच्या शोकेसमध्ये ठेवले.

"तांब्या पाठवतेस ना?" सत्यशीलाबाईंनी दारातून विचारले.

"अहो, आई काय म्हणाल्या होत्या? काठमांडू रामेश्वरापेक्षा लांब आहे. मी मोजून आलेय."

सत्यशीलाबाई वळल्या. घरात जाऊन त्यांनी नवऱ्याला पासपोर्टाचे विचारले. उत्तरेश्वरांच्या हातातला पेपर खाली आला. लग्नानंतर बायकोने कोठे जायचे नाव काढले, असे पहिल्यांदाच घडत होते.

त्या सिंगापूरला गेल्या. जाण्याआधी डबीत तुळशीची सुकी पाने घेतली, कारण तुळशीला पाणी न घालता चहा कसा घ्यायचा? हॉटेलच्या विसाव्या मजल्यावर, खिडकीत ती डबी ठेवून तिच्यावर त्या चमचाभर पाणी सोडत. खाली सगळे शहर काचेचे. रात्रीच्या बागा उजळलेल्या, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. भाजीबाजारात एका तमिळ बाईने त्यांना मोगऱ्याचा गजरा दिला आणि दोघी एकमेकींची भाषा येत नसताना बराच वेळ बोलल्या. तिथे नदीवर उतरायला घाट नव्हता. शेवटी सत्यशीलाबाईंनी मला नळाखाली धरले.

मावंद्याला दीपमालाबाई नवऱ्याबरोबर आल्या. तळहातावर पाणी घेतले, पाहिले. "नळाचं तीर्थ पहिल्यांदाच बघतेय. क्लोरीन देवाला चालतं का हो?"

"सिंगापूर काठमांडूपेक्षा लांब आहे," सत्यशीलाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "पुरण घे आणखी."

मी पुन्हा देवघराशेजारी आलो.

काही वर्षे मध्ये शांतता होती. मुले मोठी झाली, संगणक शिकली. दीपमालाबाईंचा शुभंकर हिंजवडीच्या एका कंपनीत लागला आणि पहिल्या दिवाळीलाच त्याने आईवडिलांना युरोप दाखवायचे ठरवले. मी निघालो. रीत होती ना.

मित्रांनो, युरोपातले मी काय काय सांगू? व्हेनिसमध्ये रस्त्यांच्या जागी पाणीच होते. पॅरिसमध्ये लोखंडाचा मनोरा होता, दिवे लागले की तो सोन्याचा वाटे. पण मला आठवते ते स्वित्झर्लंडमधले तळे. पाणी इतके थंड की माझ्या पोटाला बधिरपणा आला. भोवती हिरवे डोंगर, वर बर्फ, आणि एक हंस हळूहळू काठाशी आला. दीपमालाबाई घरचे पाणी तळ्यात सोडत होत्या. हंसाने मान वाकवून त्या पाण्यात चोच घातली. त्या एकदम मागे वळून म्हणाल्या, "जाऊबाई, बघा ना."

मागे कोणी नव्हते. सुदर्शनराव आइस्क्रीमच्या रांगेत होते. दीपमालाबाईंच्या कपाळावर आठी चढली. त्यांनी मला घाईघाईने भरले आणि झाकण इतके घट्ट पिळले की माझी मान दुखली. पुढे सगळ्या सहलीत त्या जागा पाहायच्या कमी आणि गाइडला अंतर विचारायच्या जास्त.

मावंदे ठेवले शनिवारी संध्याकाळी. सत्यशीलाबाई शनिवारी एकदाच जेवतात, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक होते. त्या आल्या, पाटाशेजारी बसल्या, पाण्याचा घोटही घेतला नाही. टीव्हीवर फोटो चालू होते. तळ्याचा फोटो आला. दीपमालाबाई हंसाचे सांगायला तोंड उघडतात तोच सत्यशीलाबाई म्हणाल्या, "हे पाणी तुळशीला घालू नकोस हं. बिचारी स्वेटर मागेल."

सगळे हसले. हंसाची गोष्ट राहून गेली.

त्यानंतर सत्यशीलाबाई अमेरिकेला गेल्या. त्यांची नम्रता कंपनीच्या कामासाठी तिकडे होती. मी समोरच्या घरातून मागवला गेलो. दीपमालाबाईंनी मला मुद्दाम न घासता दिले. नम्रताने आईला नायगारा दाखवला. तो काठावरून मी पाहिला तेव्हा मला माझे पोट फार लहान वाटले. इतके पाणी कोठून येते आणि थांबत कसे नाही? सत्यशीलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. तुषारांनी चेहरा भिजला. कलशात सात नद्यांना बोलावतात ना, त्या नद्यांच्या पाठोपाठ त्यांनी ह्या नदीलाही पुटपुटत बोलावले. मग नम्रताला म्हणाल्या, "दीपमालेला दाखवायला हवं होतं हे."

नम्रता चकित झाली. "काकूला? आई, खरंच?"

सत्यशीलाबाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे जळली असती."

नम्रता हसली. "तुम्ही दोघी ना, तिकीट काढता जगाचं आणि बघता एकमेकींकडेच." यावर सत्यशीलाबाईंनी त्या दिवशी मौन नसतानाही मौन पाळले.

आणि मग दीपमालाबाई न्यूझीलंडला गेल्या. नकाशात कोपऱ्यात, जवळजवळ घसरून पडेल असा देश. जमिनीतून वाफा निघतात, गरम पाण्याचे झरे उसळतात, टेकड्यांवर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथे संकष्टी आली. दीपमालाबाई हॉटेलच्या अंगणात उभ्या राहिल्या. चंद्र उगवला आणि त्या त्याच्याकडे पाहतच राहिल्या. चंद्रावरचा ससा उलटा होता. पाय वर, कान खाली. आपल्याकडे दिसतो त्याच्या अगदी विरुद्ध. त्यांनी मान तिरकी करून पाहिले, वाकून पाहिले. सुदर्शनरावांना हाक मारली. ते म्हणाले, "चंद्र तो चंद्र. जेवायला चल."

समोरच्या दारातल्या ज्या बाईने आयुष्यभर एकही संकष्टी न चुकवता चंद्राला अर्घ्य दिले, त्या एकाच बाईला हे सांगण्यात अर्थ होता. दीपमालाबाईंना ते कळत होते. मी त्यांच्या हातात होतो, मला त्यांच्या बोटांतून कळले. परत आल्यावर त्यांनी ते सांगितले नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "न्यूझीलंड लांब आहे, जाऊबाई. तांब्या माझा."

"नायगारा लांब आहे," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

हा प्रश्न काही सुटेना. तेव्हा सुदर्शनरावांनी शुभंकरच्या शाळेतला पृथ्वीचा गोल माळ्यावरून काढला. दोन्ही दारांच्या मधल्या मोकळ्या जागेत स्टूल ठेवले, त्यावर गोल. मी त्याच्या शेजारी, गोल जिच्या बाजूने निकाल देईल तिच्या घरी जायला तयार. सत्यशीलाबाईंनी वाती करायचे सूत आणले. गोलावर पुणे नव्हतेच, मुंबई होती. गोल करणाऱ्याला अक्कल नाही, यावर मात्र दोघींचे एकमत झाले. मग सूत नायगाऱ्याला लावले, गाठ मारली. न्यूझीलंडला लावले, गाठ मारली. दोन्ही गाठी जवळजवळ एकाच ठिकाणी आल्या.

"दोरा ताणलास तू," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"तुम्ही मुंबईऐवजी अरबी समुद्रातून धरलात. पुन्हा मोजा."

पुन्हा मोजले. पुन्हा तेच.

"रीतच धरायची तर थोरलीचा," असे म्हणून सत्यशीलाबाईंनी माझे झाकण धरले.

"सासूबाईंना शेवटपर्यंत चमच्याने पाणी मी पाजलं, ह्याच तांब्यातलं," असे म्हणून दीपमालाबाईंनी माझे पोट धरले.

मग ओढाओढ झाली, मित्रांनो. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका. एकमेकींच्या मनगटांना हिसके देताना मी गरगर फिरलो, आटे सुटले, आणि झाकण एकीच्या हातात आणि मी दुसरीच्या हातात राहिलो.

उत्तरेश्वर दारातून म्हणाले, "चला. झाली वाटणी."

दोन्ही दारे लागली. मधल्या जागेत स्टुलावर गोल तेवढा राहिला.

त्यानंतरची वर्षे मी कशी काढली ते सांगतो. दीपमालाबाईंच्या शोकेसमध्ये माझ्या एका बाजूला आयफेल टॉवर होता, पितळेचाच, पण बोटभर उंची असून भाव खाणारा. दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंडच्या गाईची घंटा. ती माझ्याकडे पाहून म्हणायची, "ह्याला झाकण नाही म्हणजे हा तुटका." मी तुटका नव्हतो. पण हे घंटेला कसे पटवणार? झाकणाशिवाय मी प्रवासाचा उरलो नव्हतो आणि घरात तर स्टीलची भांडी होती. दीपमालाबाईंनी माझ्यात प्लास्टिकची फुले खोचली. माझ्या आट्यांत हिरवा गंज धरला. झाकण समोरच्या देवघरात होते. त्यात तुळशीचे तीर्थ ठेवत, आणि ते रोज चिंचेने घासत, असे कामाच्या बाईंच्या बोलण्यातून कळायचे. सकाळी समोरून घंटेचा आवाज यायचा. त्या घरात माझे अर्धे अंग चकाकत होते आणि ह्या घरात मी काळा पडत होतो.

दोघी जिन्यात भेटल्या तर एक भिंतीकडे पाही, दुसरी जिन्याच्या पायऱ्यांकडे. दोघींचे प्रवासही थांबले. जिंकायचेच नाही तर जायचे कशाला? जग आहे तिथेच होते. तळ्यात हंस असेल, धबधबा कोसळत असेल, ससा उलटा टांगलेला असेल. ते सांगायला मात्र कोणी नव्हते.

मग एक दिवस शोकेस रिकामे व्हायला लागले. शुभंकर अमेरिकेत स्थायिक झाला होता. त्याने आईवडिलांचे कागद करून घेतले होते. वारज्याचे घर विकायचे, कायमचे तिकडे जायचे. आयफेल टॉवर आणि घंटा शेजारच्या मुलांना दिली. मला दीपमालाबाईंनी हातात घेतले, फुले काढली, आणि कोणाला दिले नाही.

श्रावणातली सकाळ होती. मुंबईच्या विमानतळाला न्यायला गाडी यायची होती. बॅगा दारात, दार सताड उघडे. दीपमालाबाईंनी मला नळाखाली धरून काठोकाठ भरले.

सुदर्शनराव म्हणाले, "अगं, आपण सहलीला नाही चाललो. आता ती रीत कशाला? पाणी भरतात ते परत यायला."

"ठाऊक आहे मला ते कशाला भरतात," दीपमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्या तोंडावर प्लास्टिकचा कागद लावला, वर रबर गुंडाळले, टॉवेलात बांधून बॅगेत ठेवले. बॅग उभी केली तशी धार लागली. पाणी साड्यांतून झिरपून दारापर्यंत आले. त्यांनी बॅग उघडली, मला काढले, दोन कागद लावले, चार रबरे लावली. पुन्हा धार. पाण्याचा ओघळ मधल्या जागेतून वाहत समोरच्या उंबऱ्याशी जाऊन थांबला.

समोरच्या दारात सत्यशीलाबाई उभ्या होत्या. चातुर्मास होता, पूजा व्हायची होती, म्हणजे मौन. त्यांनी ओघळाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"बघा, बघा," दीपमालाबाई ओल्या साडीने फरशी पुसत म्हणाल्या. "झाकण दाबून बसलात म्हणूनच हा पूर आलाय. बोला की काहीतरी. शेवटच्या दिवशी तरी टोमणा मारा."

सत्यशीलाबाई वळल्या आणि आत गेल्या.

"मौन काय सोयीचं असतं माणसाला," दीपमालाबाई मोठ्याने म्हणाल्या. आणि त्या पुन्हा फरशी पुसू लागल्या.

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. सत्यशीलाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझे झाकण होते. तीर्थ ओतून रिकामे केलेले. पूजेआधी त्यांनी देवघरातली वस्तू कधी हलवली नव्हती. त्यांनी ते दीपमालाबाईंपुढे धरले.

दीपमालाबाईंनी ते घेतले, माझ्या मानेवर ठेवले आणि फिरवले. बसेना. इतक्या वर्षांत मला गंज चढला होता आणि ते घासून घासून झिजले होते. त्यांनी जोर केला. माझे आटे करकरले. आता हे जाणार, असे मला वाटले. आता माझी मानच मोडणार.

तेवढ्यात सत्यशीलाबाई खाली बसल्या. ओल्या फरशीवर, सोवळ्यात. त्यांनी मला काढून घेतले. पदराच्या टोकाने आट्यांतला गंज कोरला. झाकण ठेवले आणि उलटे फिरवले. हळूहळू, जोर न करता. एक वेढा. दुसरा वेढा.

टक्.

दोघींनी एकदम मान वर केली. मग सत्यशीलाबाईंनी झाकण सुलटे फिरवले आणि ते बसले. त्यांनी मला आडवे केले, उलटे केले, आपल्या पदरावर धरले. पदर कोरडा राहिला.

गाडीचा हॉर्न वाजला. मी टॉवेलात, बॅगेत, गाडीच्या डिकीत गेलो. डिकी लावणार तोच वर गॅलरीतून पूजेची घंटा ऐकू आली. ती घाईघाईने वाजत होती. घंटा थांबली आणि हाक आली.

"दीपमाला."

खालचे वॉचमन, भाजीवाला, सगळे वर पाहू लागले. इतक्या वर्षांत ह्या घरातून त्या नावाची हाक कोणी ऐकली नव्हती.

"तांब्या माझा आहे. झाकण माझ्या घरचं आहे. आणून द्यायचा."

दीपमालाबाई गाडीत बसता बसता थांबल्या. "आणते की. खाऊन टाकत नाही," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

तिकडे मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. बाहेर बर्फ पडे. शुभंकर म्हणे, "आई, जवळच सुंदर नदी आहे. रीतीप्रमाणे पाणी सोडून येऊ." दीपमालाबाई म्हणत, "सोडू सावकाश." नदीवर त्या रोज फिरायला जात. पानगळीत तिथली झाडे कुंकवासारखी लाल होत, हरणे पाण्यावर येत. मला मात्र त्यांनी नेले नाही. दर संकष्टीला वारज्याहून फोन यायचा.

"तांब्या आहे ना?"

"आहे."

"घासतेस का?"

"घासते. इथे चिंच डबीत मिळते."

"डबीतली नको. गंज धरेल."

"मग तुम्हीच या घासायला."

फोन आदळायचा. पुढच्या संकष्टीला पुन्हा यायचा. हळूहळू तांब्याची चौकशी संपल्यावरही फोन चालू राहू लागला. गुडघे कसे आहेत. पाऊस किती झाला. कोण गेले.

दोन हिवाळे झाले आणि दीपमालाबाई आल्या. हॉटेलात उतरणार म्हणत होत्या. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "उतर की. माझा तांब्या तेवढा दे आणि मग जा हॉटेलात." दीपमालाबाईंची बॅग तोवर आतल्या खोलीत गेली होती.

सत्यशीलाबाईंनी मला पाटावर ठेवले, हळद-कुंकू वाहिले, झाकण उघडले. आत डोकावल्या. "कुठलं पाणी आणलंस? तिथल्या नदीचं?"

दीपमालाबाई पाटाजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "नाही. हे इथलंच आहे. निघताना भरलं होतं ते. सोडवलं नाही मला."

सत्यशीलाबाईंनी माझ्या काठावरून बोट फिरवले. मग त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "पाणी सोडलं नाहीस म्हणजे नियमानं तू पोचलीच नाहीस. मग लांब जाणं कसलं? तांब्या माझा."

"घ्या की," दीपमालाबाई म्हणाल्या.

सत्यशीलाबाई उठल्या आणि मला घेऊन गॅलरीत गेल्या. ते पाणी त्यांनी तुळशीच्या मुळाशी ओतले. "हिला आता स्वेटर नको," त्या म्हणाल्या.

मावंदे झाले ते रविवारी. दीपमालाबाईंनीच दिवस ठरवला, आणि शनिवार का नाही, हे कोणी विचारले नाही. सत्यशीलाबाई जेवल्या. पुरण कमी गोड आहे म्हणाल्या आणि दोनदा मागून घेतले. जेवण झाल्यावर दोघी गॅलरीत बसल्या.

"जाऊबाई, न्यूझीलंडला चंद्रावरचा ससा उलटा दिसतो. पाय वर, कान खाली. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

"उलट्या माणसांना उलटाच दिसायचा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगदी उलटा? अर्घ्य देताना कसं वाटतं गं?"

आणि मग हंस निघाला, तमिळ बाईचा गजरा निघाला, नायगाऱ्याचे तुषार निघाले. जे जग त्यांनी वेगवेगळे जाऊन आणले होते, ते त्या गॅलरीत पहिल्यांदा उघडले. मी तुळशीजवळ उभा राहून ऐकत होतो. झाकण माझ्या डोक्यावर होते.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. अंगावर पोचे आहेत, कल्हई जागोजागी उडाली आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने भांडे माळ्यावर असेल. ते खाली काढा, चिंचेने घासा. झाकण वेगळे पडले असेल तर शोधा. बहुधा ते फार लांब नसते. तुम्ही मोठे व्हाल, जग पाहाल, जरूर पाहा. ते फार सुंदर आहे. मात्र निघताना घरचे पाणी भरून घ्या, आणि कोणाला सांगायचे आहे ते मनाशी धरा. आणि एखादे झाकण बसत नसेल तर त्याच्यावर जोर करू नका. आधी थोडे उलटे फिरवा. टक् वाजेपर्यंत धीर धरा.